थांबत थांबत आयर्लंड : प्रस्तावना

१८४१ साली आयर्लंड बेटाची शिरगणती झाली तेव्हा तिथे ८१ लाखांहून अधिक माणसे राहत होती. आज आयर्लंडचे प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड दोन्ही मिळून लोकसंख्या ७० लाखांच्या जरा पुढे आहे. मधल्या काळात युरोपातल्या बहुतेक देशांची माणसे कितीतरी पटींनी वाढली. या बेटाने मात्र १८४१चा आकडा अजून पुन्हा गाठलेला नाही. आयर्लंडच्या रस्त्यांवरून जाताना जी लांबवर पसरलेली हिरवळ, जे निर्मनुष्य डोंगर आणि जे मोकळे किनारे मन भरून टाकतात, त्यांच्यामागे हा आकडा उभा आहे. तिथली शांतता काही ठिकाणी निसर्गाची आहे आणि पुष्कळ ठिकाणी माणसे गेल्यामुळे आलेली आहे. या दोन शांतता वेगळ्या ओळखायला शिकणे हाच माझ्या प्रवासाचा विषय होत गेला, आणि या पुस्तकाचाही तोच विषय आहे.

हा प्रवास मी एकटीने, भाड्याच्या गाडीने, स्वतः चालवत केला. डब्लिनला या पुस्तकात फार जागा नाही. त्या शहराविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि लेखकांचे ते शहर पायी हिंडायचे आहे. माझे लक्ष होते ते छोट्या गावांवर आणि त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर : केनमेअर, डिंगल, एनिस्टिमन, क्लिफ्डन, वेस्टपोर्ट, स्लायगो, आणि अटलांटिकमध्ये बोटांसारखी घुसलेली नैर्ऋत्येकडची द्वीपकल्पे. सगळे बेट मिळून क्षेत्रफळ साधारण ८४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून थोडेसे जास्त. पूर्व किनाऱ्यावरच्या डब्लिनपासून पश्चिम किनाऱ्यावरचे गॉलवे सुमारे २०० किलोमीटर. मोटरवेने सकाळचा चहा इकडे घ्यावा आणि दुपारचे जेवण तिकडे. त्यामुळे सहलींच्या पत्रकांत हा देश चार-पाच दिवसांत आटोपलेला दिसतो. मोहरचे कडे, केरीचा फेरा, एखादा किल्ला, एखादा पब, आणि परतीचे विमान. त्या जागा सुंदर आहेत, यात शंका नाही. मोहरचे कडे समुद्रातून सरळ २१४ मीटर उंच उठतात; ते पाहून कोण भारावणार नाही? पण बसच्या खिडकीतून जे मागे पळत जाते, त्यातच आयर्लंडची बहुतेक गोष्ट आहे.

आपल्याकडच्या माणसाला इथे गाडी चालवणे परके वाटत नाही. रस्त्याची डावी बाजू आपलीच, चाक उजवीकडे. रस्त्यांच्या जाती मात्र समजून घ्याव्या लागतात. पाट्यांवर मोटरवेला ‘एम’, राष्ट्रीय रस्त्याला ‘एन’, प्रादेशिक रस्त्याला ‘आर’ आणि स्थानिक रस्त्याला ‘एल’ हे अक्षर असते. ‘एम’वर ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. ‘एल’वरची कमाल मर्यादा २०२५ साली ८०वरून ६०वर आणली गेली, आणि कित्येक जागी ६०सुद्धा धाडसाचे ठरते. त्याहून लहान म्हणजे बोरीन : एका गाडीपुरता रस्ता, दोन्हीकडे उंच कुंपणझाडी किंवा दगडी भिंत, मधोमध गवताची पट्टी. समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी एकाने मागे जाऊन शेताच्या फाटकाशी जागा करून द्यायची. दुसरा जाता जाता चाकावरून एक बोट उचलतो. हे बोट म्हणजे नमस्कारही आणि आभारही. ओळख नसली तरी ते उचलले जाते, आणि ग्रामीण आयर्लंडमध्ये दोन-तीन दिवस गाडी चालवली की आपलेही बोट आपोआप उठू लागते.

पश्चिम किनाऱ्याच्या या लहान रस्त्यांना जोडून २०१४ साली ‘वाइल्ड अटलांटिक वे’ नावाचा मार्ग आखला गेला. उत्तरेला डॉनेगॉलमधल्या इनिशोअन द्वीपकल्पापासून दक्षिणेला कॉर्कमधल्या किनसेलपर्यंत तो सुमारे २,५०० किलोमीटर आहे. नवा रस्ता म्हणून त्यात फारसे काही नाही. होते तेच रस्ते एका नावाखाली, एका खुणेच्या पाट्यांनी जोडले आहेत. माझा प्रवास बराचसा याच मार्गाने, पण दक्षिणेकडून उत्तरेकडे झाला. या दिशेने जाताना समुद्र डाव्या हाताला, म्हणजे आपल्याच बाजूला राहतो, आणि मनात आले की रस्ता न ओलांडता गाडी बाजूला घेता येते.

‘एकटी कशी गेलीस?’ हा प्रश्न मला निघण्याआधीही विचारला गेला आणि परतल्यावरही. मराठी वाचकाला एकट्या बाईच्या जगप्रवासाची सवय मीना प्रभूंनी लावली, आणि त्यांच्यानंतर निघालेल्या आम्हा सगळ्याजणींवर ते ऋण आहे. तरीही प्रश्न उरतोच, म्हणून त्याचे उत्तर इथे सरळ देते. एकटीने जाण्यात माझ्या दृष्टीने दोन मोठे लाभ होते. पहिला, थांबण्याचा अधिकार. गाडीत चौघे असले की थांबण्यासाठी कारण द्यावे लागते. मोडक्या भिंतींचे छप्पर नसलेले घर, डोंगराच्या उतारावर दिसणाऱ्या समांतर रेघा, रस्त्याकडेचा साधा दगडी क्रूस, यांसाठी गाडी थांबवायला इतरांना काय सांगणार? दुसरा लाभ माणसांचा. आयरिश माणूस बोलका आहे हे सगळेच सांगतात. पण तो चौघांच्या घोळक्याशी हवापाण्याचे बोलतो, आणि एकट्या बाईला खुर्ची पुढे करून घरचे सांगतो. बी अँड बीच्या स्वयंपाकघरात, सोडा ब्रेड आणि कडक चहासमोर, मला कितीतरी घरांची गेलेली माणसे भेटली. कुणाचा भाऊ बॉस्टनला, कुणाची मुलगी सिडनीला, कुणाच्या आजीच्या सात भावंडांपैकी एकच मागे राहिलेले. हे ऐकल्यानंतर बाहेरचा डोंगर पहिल्यासारखा दिसत नाही.

डोंगरावरच्या त्या रेघांपासून सुरुवात करते, कारण पुस्तकातही त्या पुन्हा पुन्हा येतात. मेयो, गॉलवे, केरी या काउंट्यांत तिरप्या उन्हात उतारांकडे पाहिले तर हिरवळीखाली एकाशेजारी एक वरंबे स्पष्ट दिसतात. ती बटाट्याची शेती आहे. जमीन भाड्याची, तुकडा एवढासा. त्यावर कुटुंब जगवायचे तर बटाट्याला पर्याय नव्हता. खडकाळ उतारावर समुद्रशेवाळ आणि वाळू पाठीवरून वाहून आणून लोकांनी माती तयार केली होती. १८४५ साली बटाट्यावर करपा आला. त्याला कारण असलेल्या सूक्ष्मजीवाला आज फायटॉप्थोरा इन्फेस्टन्स म्हणतात. पीक पहिल्या वर्षी अर्ध्यापर्यंत गेले, पुढच्या वर्षी जवळजवळ पूर्ण. १८५२पर्यंत चाललेल्या त्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाच्या साथींनी मेली आणि आणखी सुमारे दहा लाख देश सोडून गेली. याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि गुरे इंग्लंडला जात होती. वरंबे तसेच राहिले, कारण ते मोडून नवे पीक घ्यायला तिथे कुणी उरले नाही.

रस्त्यांचा आणि या दुष्काळाचा संबंध फार जवळचा आहे, आणि गाडीने हिंडणाऱ्याने तो जाणून घेतलाच पाहिजे. फुकट अन्न दिले तर लोक आळशी होतील, या समजुतीने ब्रिटिश सरकारने मदतीच्या बदल्यात काम मागितले. १८४७च्या वसंतात सात लाखांहून अधिक माणसे अशा कामांवर होती : खडी फोडणारी, दगड वाहणारी, उपाशी माणसे. त्यांच्या हातचे अनेक रस्ते आज कुठेच जात नाहीत. डोंगराच्या मध्यावर संपून जातात. काही मात्र वापरात आहेत. बेअरा द्वीपकल्पावर कॉर्क आणि केरी यांच्या सीमेवरची हीली खिंड हे त्यातले ठळक उदाहरण. तिचे काम १८४७मध्ये दुष्काळी काम म्हणून सुरू झाले. आज मोटरसायकलवाले आणि छायाचित्रकार तिच्या नागमोडी वळणांसाठी लांबून येतात. मीही त्या वळणांवर खूश झाले, हे लपवत नाही. पण माथ्यावर उतरून खाली पाहिले की प्रत्येक वळणाचा दगड कुणी रचला हे आठवावे लागते, आणि आठवावेच.

या पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण डूलॉवर आहे. मेयोमध्ये लुइसबर्गकडून लीनॉनकडे जाणारा रस्ता डूलॉ नावाच्या काळ्या तळ्याच्या काठाने जातो. आयर्लंडमधल्या सुंदर रस्त्यांच्या कोणत्याही यादीत तो असतो. मार्च १८४९च्या अखेरीस मदतीवर जगणारे शेकडो लोक मदतीच्या पात्रतेच्या तपासणीसाठी लुइसबर्गला जमले. तपासणी करणारे अधिकारी पुढे डेल्फी लॉजला मुक्कामाला गेले होते. लोकांनी दुसऱ्या सकाळी तिथे हजर व्हावे, नाहीतर मदत बंद, असा हुकूम होता. सुमारे १९ किलोमीटर, थंडीवाऱ्यात, उपाशी पोटी, अंगावर धड कपडे नसताना ते चालत गेले. तिथून हात हलवत परतताना आणि जाताना वाटेतच अनेकांनी प्राण सोडला. आज तिथे एक साधा दगडी क्रूस आहे, आणि त्याच्यावर महात्मा गांधींचे एक वचन कोरले आहे : दुसऱ्या माणसाला अपमानित करण्यात माणसांना मोठेपणा कसा वाटू शकतो, अशा अर्थाचे. भारतातून इतक्या दूर, जवळपास एकही घर नसलेल्या खोऱ्यात, ते वचन समोर आले तेव्हा मला कळले की मी पर्यटक म्हणून आले असले तरी या जागेशी माझेही नाते आहे.

ते नाते पुस्तकात इतरत्रही उलगडत जाते. दुष्काळाच्या पहिल्या वर्षांत परदेशांतून आलेल्या मदतीत कलकत्त्याहून गेलेला निधी होता. डब्लिन–गॉलवे जुन्या रस्त्यावर टायरल्सपास नावाचे छोटे गाव आहे. मोटरवे झाल्यापासून तिथे फारसे कुणी वळत नाही. तिथल्या दफनभूमीत जेम्स डेली आहे. कॉनॉट रेंजर्स या ब्रिटिश पलटणीतल्या आयरिश शिपायांनी जून १९२०मध्ये पंजाबात बंड केले. आपल्या देशात ब्रिटिश फौजा अत्याचार करत असताना आम्ही त्याच राजाची चाकरी करणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या बंडाबद्दल डेलीला २ नोव्हेंबर १९२० रोजी दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घालण्यात आल्या, आणि १९७० साली त्याचे अवशेष मायदेशी आणले गेले. लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६मध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापली, तेव्हा ‘होमरूल’ ही मागणी आणि तिचे नाव दोन्ही आयर्लंडकडून आलेली होती; त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला. आपल्या राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वे १९३७च्या आयरिश घटनेवरून घेतली आहेत. आणि २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. शतकभर मुले बाहेर पाठवणाऱ्या देशाने बाहेरून आलेल्याच्या मुलाला आपला प्रमुख केले, ही मला त्या देशाच्या इतिहासातली फार उमदी गोष्ट वाटते.

केवळ दुःखाचा देश म्हणून आयर्लंड पाहणेही अन्यायाचे होईल. वाचकाला या पुस्तकात बर्न भेटेल : क्लेअर काउंटीतले चुनखडीचे करडे पठार, ज्याच्या भेगांतून उन्हाळ्याच्या तोंडावर जेन्शनची गडद निळी फुले येतात, आल्प्सच्या आणि भूमध्य समुद्राकाठच्या वनस्पती तिथे शेजारी शेजारी वाढतात. मेयोच्या उत्तर टोकाला केड फील्ड्स भेटतील. १९३०च्या दशकात पॅट्रिक कॉलफील्ड नावाचे गावचे शिक्षक जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, कापत होते. तळाशी त्यांना ओळीत लावलेले दगड लागले. दलदलीखाली पुरलेल्या दगडांना अशी शिस्त माणसाशिवाय येणार नाही, हे त्यांनी ओळखले. पुढे त्यांचे पुत्र शेमस पुरातत्त्वज्ञ झाले आणि त्यांनी लांब सळया पीटमध्ये खोचत खोचत हजारो वर्षांपूर्वीच्या शेतांचे बांध मैलोगणती शोधून काढले. ॲरन बेटांवर आणि कॉनेमाराच्या किनाऱ्यावर दगडी भिंती अजून उभ्या आहेत, कोकणातल्या गडग्यांसारख्या, चुना-मातीशिवाय नुसत्या दगडावर दगड बसवलेल्या. वारा फटींतून निघून जातो आणि भिंत टिकते. आणि क्लेअरमध्येच लाटूनचे काटेरी झाड भेटेल. १९९९मध्ये नव्या रस्त्यासाठी ते तोडले जाणार होते. ते पऱ्यांचे झाड आहे, त्याला हात लावू नका, असे एडी लेनिहन या कथेकऱ्याने जाहीरपणे सांगितले, आणि रस्ता झाडाला सोडून बांधला गेला.

गावांविषयी दोन शब्द. आयरिश गावाचा एक मुख्य रस्ता असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घरांच्या रंगवलेल्या दर्शनी भिंती : एक पिवळी, एक निळी, एक गडद लाल. दुकानावर मालकाचे नाव. काही ठिकाणी एकाच दारात दोन धंदे. डिंगलमध्ये फॉक्सी जॉन्सच्या एका बाजूला खिळे-हातोड्या मिळतात आणि दुसऱ्या बाजूला बिअर. संध्याकाळी पबच्या कोपऱ्यात फिडल, बासरी, बोडरान नावाचा डफ घेऊन माणसे जमतात. हा कार्यक्रम नसतो. ती एकमेकांसाठी वाजवतात, आपण शेजारी बसून ऐकायचे. गाडी चालवायची असेल त्याने चहा घ्यावा. तिथे तो मागताना कुणी संकोच करत नाही. गावाबाहेर हर्लिंग आणि गेलिक फुटबॉलचे मैदान हमखास असते. १८८४ साली टिपरेरीतल्या थर्ल्समध्ये गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना झाली, आणि आजही त्या संघटनेत काउंटीकडून खेळणारे पैशासाठी खेळत नाहीत. उन्हाळ्यात काउंटी बदलली की विजेच्या खांबांवरचे काउंटी-संघांचे झेंडे बदलतात. आपण कुठून कुठे आलो ते नकाशा न उघडता कळते.

एक सीमा मात्र कळत नाही. प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड यांच्यातली सुमारे ५०० किलोमीटरची सीमा मी अनेकदा ओलांडली, आणि दर वेळी ती ओलांडल्याची जाणीव वेगमर्यादेच्या पाटीने दिली : किलोमीटर जाऊन मैल आलेले. उत्तर आयर्लंडमधल्या हिंसक संघर्षाच्या काळात याच रस्त्यांवर ब्रिटिश लष्कराचे टेहळणी मनोरे होते, लहान रस्ते सुरुंगाने उडवून बंद केलेले होते. १० एप्रिल १९९८चा गुड फ्रायडे करार ज्या शांतता-प्रक्रियेतून झाला, तिच्यात ते हळूहळू खुले झाले. ज्यांना दुष्काळ ऐकून माहीत आहे त्यांना हा संघर्ष पाहून माहीत आहे, आणि ते बोलताना अजून शब्द जपून वापरतात. त्या प्रकरणात मीही ते जपले आहेत. भारतीय प्रवाशाला इथे व्यवहाराची एक सूचना : रस्त्यावर चौकी नसली तरी उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंगडमचा भाग आहे, आपला व्हिसा दोन्हीकडे चालणारा आहे की नाही हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

पुस्तकाची मांडणी रस्त्याप्रमाणे आहे. सुरुवात कॉर्क काउंटीतल्या कोव्ह बंदरापासून होते, कारण १८४८ ते १९५० या काळात सुमारे २५ लाख माणसे तिथून देश सोडून गेली. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरच्या स्थलांतर-केंद्रातून अमेरिकेत शिरलेली पहिली व्यक्ती, ॲनी मूर, इथूनच निघाली होती. धाकट्या भावांसह तिचा पुतळा धक्क्यावर आहे. ती गेली त्या जागेपासून मी आत शिरते, स्किबरीनच्या दुष्काळातल्या सामूहिक कबरींपाशी थांबते, आणि किनाऱ्याने वर वर जात डॉनेगॉलला पोचते. पाहण्याजोग्या स्थळांची यादी, हॉटेलांचे दर, खर्चाचा हिशेब यात नाही; ते दर वर्षी बदलते आणि इतरत्र सहज मिळते. ज्यांनी मला घरात घेतले, त्यांची नावे मी दिलेली नाहीत. त्यांनी जे सांगितले ते विश्वासाने सांगितले होते. त्यांच्याविषयीची कृतज्ञता मात्र प्रत्येक पानावर आहे.

हे वाचून कुणी आयर्लंडला निघाले तर मला मनापासून आनंद होईल. त्यांना एकच आग्रहाचे सांगणे आहे. रोजचे अंतर कमी ठेवा, आणि वाटेत छप्पर नसलेले घर, हिरवळीखालचे वरंबे किंवा अक्षरे पुसट झालेला दगड दिसला तर गाडी सुरक्षित जागी घेऊन खाली उतरा. कुणी शेजारी दिसले तर विचारा. ते सांगतील. जे गेले त्यांची आठवण ठेवण्याचे काम मागे राहिलेल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे, आणि लांबून आलेल्या माणसाने ते ऐकून घेतले की त्यांना बरे वाटते, हे मी प्रत्येक काउंटीत पाहिले आहे.